घरच्यांबरोबर आणि मित्रांबरोबर खेळायचे बोर्ड गेम, पार्टी गेम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खेळ निवडताना, नियम वाचताना आणि डाव अडल्यावर लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी समजेल. एखाद्या मुद्द्याबद्दल दुसरीकडे सविस्तर लिहिलं असेल, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. बोर्ड गेम आणि पार्टी गेम यांत फरक काय? दोन्ही टेबलाभोवती बसूनच खेळतात ना?

बोर्ड गेममध्ये नजर पटावर असते, पार्टी गेममध्ये समोरच्या माणसांवर. कॅटानमध्ये तुम्ही रस्ते आणि गावं बघता. डिक्सिट (सूचनेवरून चित्र ओळखायचा खेळ) किंवा माफिया (आपल्यातलेच छुपे मारेकरी ओळखायचा खेळ) यांत कोण काय बोललं, कोण गप्प राहिलं, कोण का हसलं हे बघता. सीमारेषा पक्की नाही, पण निवडीला हा फरक फार उपयोगी पडतो. ज्यांना एकमेकांशी गप्पा मारायच्या आहेत त्यांच्यापुढे दोन तासांचा डोकेफोड पट मांडू नये. ज्यांना शांतपणे डोकं चालवायचं आहे त्यांना उभं राहून मूकाभिनय करायला लावू नये.

2. आमच्याकडे आजवर लुडो, सापशिडी, कॅरम आणि पत्ते एवढंच आहे. पहिला नवा खेळ कोणता घ्यावा?

तीन-चार जण नेहमी बसणार असतील तर तिकीट टू राइड. तो 2004 साली आला आणि अजूनही नवख्यांसाठी मी तोच सुचवतो. आपल्या पाळीला तीनच गोष्टींपैकी एक करायची असते: रंगीत पत्ते उचला, पत्ते देऊन रेल्वेमार्ग ताब्यात घ्या, किंवा नवी तिकिटं (कोणती दोन शहरं जोडायची ते सांगणारे पत्ते) घ्या. लुडो खेळणाऱ्याला हे दहा मिनिटांत कळतं, आणि तरी प्रत्येक पाळीला खरा निर्णय असतो. आणखी पत्ते जमवत थांबू की दुसऱ्याने रस्ता अडवायच्या आत तो घेऊन टाकू?

इतका मोठा पट नको असेल तर किंगडोमिनो घ्या. त्याचा डाव पंधरा-वीस मिनिटांत संपतो. त्यात चांगली फरशी (आपल्या राज्याला जोडायचा तुकडा) उचलली की पुढच्या फेरीत निवडायचा क्रमांक मागे जातो, आणि हे एवढंच गणित खेळाला पुरून उरतं. सुंदर वस्तू हाताळायला आवडणाऱ्यांसाठी रंगीत फरशांची नक्षी मांडायचा अझुल आहे.

याहून वेगळं काही शोधायचं असेल तर जर्मनीत 1979 पासून दिल्या जाणाऱ्या ‘श्पील देस यारेस’ या पुरस्काराची यादी चाळा. तो घरात मिळून खेळायच्या खेळांसाठीच असतो. वर सांगितलेले तिन्ही खेळ तो मिळवलेले आहेत: तिकीट टू राइडने 2004 मध्ये, किंगडोमिनोने 2017 मध्ये आणि अझुलने 2018 मध्ये.

3. खोक्यावर ‘8+, 2 ते 4 खेळाडू, 45 मिनिटं’ असं लिहिलेलं असतं. त्यावर विसंबायचं का?

वयाचा आकडा साधारण बरोबर असतो. वेळेच्या आकड्याला पहिल्या डावासाठी दुप्पट धरा. खेळाडूंच्या आकड्याकडे मात्र नीट बघा, कारण तो ‘खेळता येतं’ एवढंच सांगतो, ‘रंगतं’ असं नाही. कोडनेम्स (प्रश्न 6) चौघांत खेळता येतो, पण तेव्हा प्रत्येक संघात सूचना देणारा एक आणि ओळखणारा एकच उरतो. ओळखणाऱ्यांची आपसातली कुजबुज हाच त्या खेळाचा जीव आहे, म्हणून तो सहा-आठ जणांतच खुलतो. उलट कार्कासोन (फरशा जोडत नकाशा वाढवायचा खेळ) पाच जणांत चालतो, पण दोघांत जास्त धारदार होतो.

4. मी नियम समजावायला लागले की पाचव्या मिनिटाला सगळे मोबाइल काढतात. कसं सांगावं?

नियमपुस्तिका ज्या क्रमाने लिहिलेली असते त्या क्रमाने कधीही सांगू नका. तिचा क्रम शोधाशोध करायला सोयीचा असतो, ऐकायला नव्हे.

आधी सांगा की जिंकतं कोण आणि डाव संपतो कधी. तिकीट टू राइडसाठी, उदाहरणार्थ: ‘ज्याचे गुण जास्त तो जिंकला, कुणाकडे दोन किंवा त्याहून कमी डबे उरले की सगळ्यांना एकेक शेवटची पाळी.’ एवढं कानावर पडलं की पुढचं प्रत्येक वाक्य ऐकणारा त्या खुंटीला अडकवत जातो. मग एक पाळी स्वतः खेळून दाखवा, बोलत बोलत. मग लगेच सुरुवात. बारीकसारीक अपवाद ते समोर येतील तेव्हा सांगायचे.

एक गोष्ट मात्र आधीच सांगावी लागते: ज्या नियमामुळे कुणाचं शेवटी नुकसान होईल तो. तिकीट टू राइडमध्ये पूर्ण न झालेल्या तिकिटाचे गुण वजा होतात. हे शेवटी कळलं तर माणूस फसवल्यासारखा उठतो आणि पुन्हा त्या खेळाला बसत नाही, आणि त्याचं बरोबरच असतं.

समजावणारा एकच असावा. दोघं-तिघं मध्ये मध्ये भर घालू लागले की ऐकणारा हरवतो. आदल्या दिवशी एकटीने खोकं उघडून दोन्ही बाजूंनी अर्धा डाव खेळून बघा. कुठे अडखळायला होतं ते तिथेच कळतं. पहिला डाव सरावाचा म्हणून जाहीर करा, पत्ते उघडे ठेवून खेळा, आणि चुकलेली चाल मागे घेऊ द्या.

5. आम्ही सात-आठ जण जमतो. बहुतेक खेळ चौघांचेच असतात. काय खेळावं?

पाळी-पाळीने खेळायच्या खेळात आठ जण म्हणजे सात जणांची वाट बघणं. म्हणून सगळे एकाच वेळी गुंतलेले राहतील असे खेळ निवडा.

सिक्स निम्ट दहा जणांपर्यंत चालतो. 104 पत्ते, प्रत्येकाला दहा. सगळे एकेक पत्ता उपडा ठेवतात, एकदम उघडतात आणि चढत्या क्रमाने चार ओळींत लावतात. ज्याचा पत्ता ओळीत सहावा पडेल त्याला आधीचे पाच उचलावे लागतात. बदाम सात येणाऱ्या माणसाला तो लगेच जमतो.

सात जणांपर्यंत असाल तर जस्ट वन. एकाने डोळे मिटून बसायचं, बाकीच्यांनी गुपचूप त्याच्यासाठी एकेक शब्दाची सूचना लिहायची. ज्या सूचना सारख्या निघतील त्या पुसल्या जातात. त्यामुळे सोपा शब्द सुचला की ‘हा सगळ्यांनाच सुचला असेल’ म्हणून हात थांबतो. यात सगळे एका बाजूला असतात, कुणी कुणाला हरवत नाही, म्हणून नव्याने ओळख झालेल्या मंडळींत मी याच्यानेच सुरुवात करतो. संघ पाडून खेळायचं असेल तर कोडनेम्स (प्रश्न 6).

आणि आठ जणांनी दोन टेबलं मांडून चार-चारचे दोन डाव खेळले तरी काही बिघडत नाही. दर डावानंतर भिडू बदला.

6. कोडनेम्स खेळायची इच्छा आहे, पण शब्द इंग्रजीत आहेत. घरातल्या मोठ्यांना ते जमणार नाही. मराठीत खेळता येईल का?

येईल, आणि माझ्या मते मराठीत तो जास्त रंगतो. चित्रांचीही एक आवृत्ती आहे आणि तिला भाषाच लागत नाही. पण शब्दांची गंमत चित्रांत येत नाही.

मांडणी अशी: 25 शब्दांच्या चिठ्ठ्या, पाच बाय पाच. सुरुवात करणाऱ्या संघाचे 9, दुसऱ्याचे 8, तटस्थ 7 आणि एक मारेकरी. कोणता शब्द कोणाचा हे दोन्ही संघांच्या म्होरक्यांनाच माहीत. म्होरक्या एक शब्द आणि एक आकडा सांगतो, आणि त्याचा संघ त्या आकड्यापेक्षा एक जास्त इतक्या चिठ्ठ्यांपर्यंत अंदाज करू शकतो. मारेकऱ्यावर बोट पडलं की डाव तिथेच हरला. कोणता शब्द कोणाचा ते म्होरक्यांना दाखवणारी खेळातली नकाशाची कार्डं मराठी चिठ्ठ्यांनाही तशीच चालतात. इंग्रजी शब्दांच्या जागी फक्त तुमच्या चिठ्ठ्या मांडायच्या. दोनशे चिठ्ठ्या केल्यात तर वर्षभर पुरतात.

शब्द निवडताना एकाहून जास्त अर्थांचे घ्या. पान, अंक, कळ, वर, कर, चाल, नाव, भाव, मान, तार, काळ, पट. ‘अंक’ म्हटलं की गणित, नाटक आणि मासिक तिन्ही डोळ्यांपुढे येतात. ‘कळ’ दाबायचीही असते, सोसायचीही आणि काढायचीही. म्होरक्याने ‘बुद्धिबळ 2’ म्हटलं आणि संघाने ‘पट’ बरोबर ओळखून दुसऱ्यासाठी ‘चाल’ऐवजी ‘काळ’कडे हात नेला, की त्या मिनिटात जे होतं त्यासाठीच हा खेळ खेळायचा. नुसते ‘टेबल, खुर्ची, पंखा’ घातलेत तर डाव कोरडा जातो.

मराठीसाठी काही गोष्टी आधी ठरवून घ्या. पटावर दिसणाऱ्या शब्दाचं कुठलंही रूप सूचनेत चालत नाही: ‘घोडा’ समोर असताना ‘घोडी’ नाही, ‘घोडेस्वार’ नाही, ‘पाणी’ असताना ‘पाणबुडी’, ‘पाणवठा’ नाही. विभक्ती लावून पळवाट काढायची नाही. जोडून लिहिला जाणारा शब्द (सूर्यफूल) एक शब्द, वेगळे लिहिले जाणारे दोन. खरा पेच येतो तो संस्कृत जोडीदाराचा: ‘हात’ समोर असताना ‘हस्ताक्षर’ चालेल का? मूळ खेळातच अशा वेळेसाठी सोय आहे. समोरच्या म्होरक्याला हळूच विचारा. त्याने हो म्हटलं तर चालेल. आम्ही ‘हस्ताक्षर’ चालवतो.

7. आम्ही दोघंच आहोत. दोघांसाठी काय?

कार्कासोन, अझुल, आणि किंगडोमिनोची सात बाय सातची मोठी मांडणी. केवळ दोघांसाठीच बनवलेल्यांत पॅचवर्क आणि जयपूर. एकमेकांविरुद्ध खेळायचं नसेल तर कोडनेम्स ड्युएट. माफियासारखे खोटं पकडायचे खेळ दोघांत होत नाहीत.

8. सहा वर्षांच्या मुलीबरोबर खेळताना मुद्दाम हरावं का?

नको. मुलांना ते कळतं, आणि कळलं की त्यांच्या खऱ्या विजयाचीही किंमत जाते. त्याऐवजी असा खेळ निवडा जिथे ती तुम्हाला खरंच हरवू शकेल. सापशिडीत निर्णयच नसतो, तेव्हा तिथे वयाने काही फरक पडत नाही. पालथ्या पत्त्यांच्या जोड्या लक्षात ठेवायच्या खेळात मुलं अनेकदा मोठ्यांना मागे टाकतात. डॉबल हा तर डोळ्यांच्या चपळाईचा खेळ: प्रत्येक कार्डावर आठ चित्रं आणि कुठल्याही दोन कार्डांत नेमकं एकच चित्र समान, ते आधी ओरडेल त्याला कार्ड.

मोठ्यांच्याच खेळात तिला घ्यायचं असेल तर सगळ्यांसमोर सवलत जाहीर करा: तिला दोन पत्ते जास्त, किंवा तिची चाल मागे घेता येईल. लिंबूटिंबू म्हणून नुसतं बाजूला बसवण्यापेक्षा हे बरं. उघड सवलत हा नियम असतो. लपून हरणं ही फसवणूक.

9. हरलं की मुलगा (आणि कधी कधी नवराही) रुसतो. सगळे मिळून खेळायचे खेळ घेतले तर सुटेल का?

बरंचसं. पँडेमिकमध्ये सगळे मिळून चार साथीच्या रोगांशी लढतात. जिंकलात तर सगळे, हरलात तरी सगळे. पण त्यात एक नवीच अडचण येते: जो सर्वांत अनुभवी असतो तो सगळ्यांच्या चाली सांगू लागतो आणि बाकीचे फक्त सोंगट्या हलवतात. ‘मी विचारलं तरच सांग’ असं त्याला बजावून काही काळ भागतं.

खरा उपाय म्हणजे जिथे हे शक्यच नाही असे खेळ. हनाबीमध्ये आपले पत्ते आपल्यालाच दिसत नाहीत, दुसऱ्यांना दिसतात, आणि मोजक्याच सूचना देता येतात. द क्रू तर मेंढीकोटसारखा हात करायचा खेळ आहे, हुकमासकट, पण सगळे एका बाजूचे आणि बोलणं जवळपास बंद. पत्त्यांत मुरलेल्या घरात मी आधी हाच मांडेन. त्यात 50 मोहिमा आहेत, आणि ‘आणखी एक’ म्हणत रात्र होते.

10. मोनोपॉली चार तास संपतच नाही. आमचं काय चुकतंय?

बहुधा दोन गोष्टी. पहिली: कुणी एखाद्या रिकाम्या जागेवर येऊन ती विकत घेतली नाही, तर मूळ नियमाप्रमाणे तिचा लगेच लिलाव करायचा असतो, आणि नको म्हणणाऱ्यालाही त्यात बोली लावता येते. बहुतेक घरांत हा लिलाव होतच नाही, त्यामुळे जागा विकल्या जायला तासन्‌तास लागतात. दुसरी: दंडाचे पैसे पटाच्या मधे साठवून ‘फ्री पार्किंग’वर येणाऱ्याला देणं. मूळ नियमात तिथे काहीही मिळत नाही. हे फुकटचे पैसे बुडणाऱ्याला पुन्हा पुन्हा वर काढतात आणि डाव लांबतो.

या दोन घरगुती सवयी सोडल्यात तर डाव बराच आटोक्यात येतो. तरीही जो आधी दिवाळखोर होतो तो बसून राहतोच. हा त्या खेळाच्या रचनेतलाच दोष आहे. त्यावर वेळ ठरवून खेळणं आणि शेवटी रोख, जागा, घरं मिळून कुणाची मालमत्ता जास्त ते मोजणं हा मार्ग.

11. उनोमध्ये +2 वर +2 टाकता येतं का? +4 कधीही टाकता येतं का?

दोन्हींचं मूळ नियमातलं उत्तर नाही असं आहे. +2 आला की पुढच्याने दोन पत्ते उचलायचे आणि त्याची पाळी गेली. तो त्यावर आपला +2 ठेवून पुढे ढकलू शकत नाही. +4 तेव्हाच टाकायचा, जेव्हा चालू रंगाचा एकही पत्ता हातात नसेल. संशय आला तर ज्याच्यावर तो पडलाय तो आव्हान देऊ शकतो. टाकणारा खोटा निघाला तर चार पत्ते त्यालाच, खरा निघाला तर आव्हान देणाऱ्याला सहा.

ढकलाढकलीचा घरगुती नियम पुष्कळांना आवडतो, आणि त्यात गैर काही नाही. फक्त पत्ते वाटायच्या आधी ठरवा.

12. कॅरममध्ये राणी घेतली, पण पुढच्या फटक्याला सोंगटी गेली नाही. राणी कुणाची?

कुणाचीच नाही, ती परत मधल्या वर्तुळात. राणी आणि आपली सोंगटी एकाच फटक्यात गेली तर मात्र राणी झाली असं धरतात.

13. कॅटानमध्ये 6 वर गाव वसवलं, तरी 6 पडतच नाही. नशीब की चूक?

कॅटानमध्ये फाशांवर ज्या जागेचा आकडा पडेल तिथल्या गावाला माल मिळतो. दोन फाशांच्या 36 जोड्यांपैकी 7 सहा प्रकारे येतो, 6 आणि 8 प्रत्येकी पाच प्रकारे, 2 आणि 12 एकेकच प्रकारे. म्हणजे 6 चांगलाच आकडा. पण फासे दहा वेळा टाकूनही एकदाही 6 न येण्याची शक्यता सुमारे 22 टक्के आहे, म्हणजे दर चार-पाच वेळांतून एकदा. म्हणून पहिली दोन गावं निवडताना एकाच आकड्यावर दोनदा भर देण्यापेक्षा वेगवेगळे आकडे धरा.

आणि 7 सर्वांत जास्त येतो हे विसरू नका. हातात सातहून जास्त पत्ते असतील तर तेव्हा निम्मे टाकावे लागतात. साठवून बसलेल्याचं नुकसान तिथे होतं, 6 वर नव्हे.

14. माफियात जो पहिल्याच रात्री मरतो तो तासभर कंटाळतो. शिवाय माझी बहीण खोटं बोलावं लागतं म्हणून खेळायलाच तयार नाही.

1986 मध्ये मॉस्कोत जन्मलेल्या या खेळाचं मूळ रूप असंच आहे: छुपे मारेकरी रात्री एकाला मारतात, आणि बाद झालेला बाहेर. पहिल्या रात्री कुणालाही मारायचं नाही असं ठरवलं तर निदान प्रत्येकाला एक दिवस बोलायला मिळतो. त्याहून चांगलं म्हणजे ज्यात कुणी बाद होत नाही असा खेळ: पाच ते दहा जणांसाठी ॲव्हलॉन, किंवा एकाच रात्रीत आटोपणारा वन नाइट वेअरवुल्फ.

बहिणीबद्दल: तिला आग्रह करू नका. काही लोकांना खेळातलं खोटंही खरोखर जड जातं. तिला सूत्रधार करा. रात्र जाहीर करणं, गोष्ट रचणं, कुणाला न कळता खुणा घेणं यात कौशल्य लागतं, आणि चांगला सूत्रधार मिळाला तर डाव निम्मा तिथेच जमतो. नवरा-बायको किंवा भाऊ-भाऊ खेळात एकमेकांवर आरोप करत असतील तर त्यांना जुनी भांडणं पुरावा म्हणून आणायला सक्त मनाई करा. हा नियम मी दर वेळी मोठ्याने सांगतो.

15. आमच्यात एक जण एकेका चालीला पाच मिनिटं घेतो.

वाळूचं घड्याळ लावून त्याला एकट्याला टोचू नका. लावायचं तर सगळ्यांना. अनेकदा त्याला नियम पूर्ण कळलेला नसतो आणि विचारायला संकोच वाटतो, तर प्रश्न 4 पाहा. स्वभावच तसा असेल तर सगळ्यांनी एकाच वेळी पत्ता टाकायचे खेळ निवडा (प्रश्न 5).

16. अर्धा डाव झाल्यावर कळलं की नियम चुकीचा खेळतोय. आता?

चूक सगळ्यांना सारखी लागू झाली असेल तर तो डाव तसाच संपवा आणि पुढच्यापासून सुधारा. ती एकालाच भोवली असेल तर त्याला काय हवं ते आधी विचारा. नियम मध्येच बदलल्याने कुणाची ठरवलेली सगळी आखणी कोसळत असेल, तर डाव मोडून पुन्हा मांडणं सर्वांत न्याय्य.

17. बरोबरी झाली तर?

खेळागणिक वेगळं. तिकीट टू राइडमध्ये जास्त तिकिटं पूर्ण करणारा, अझुलमध्ये जास्त आडव्या ओळी पूर्ण करणारा जिंकतो. कॅटानमध्ये बरोबरी होतच नाही, कारण दहा गुण आपल्या स्वतःच्या पाळीतच पुरे व्हावे लागतात.

18. डाव चालू असताना एकाला उठून जावं लागलं. त्याच्या मालाचं काय करायचं?

संघाचा खेळ असेल तर प्रश्न नाही. प्रत्येकाचा वेगळा डाव असेल तर त्याच्या पटावरच्या गोष्टी जशाच्या तशा ठेवा. त्याचे रस्ते अडथळा म्हणून राहतील, पण त्याच्या हातातले पत्ते गड्डीत मिसळा. त्याचा माल कुणालाही वाटू नका, आणि जाताना त्याने तो कुणाला देऊन टाकायचा नाही. नाहीतर जिंकणारा तोच ठरवतो. हेच पुढच्या प्रश्नात जास्त टोकदार होतं.

19. मी हरणार हे नक्की. माझ्या शेवटच्या चालीवर बाकीच्या दोघांपैकी कोण जिंकणार ते ठरतं. मी काय करावं?

स्वतःला एक गुण जरी जास्त मिळत असेल तर ती चाल करा, तिने कुणाचा फायदा झाला तरी. दुसरेपण-तिसरेपण मिळवणं हाही तुमचा हक्काचा खेळ आहे, आणि त्याबद्दल कुणी नाराज होऊ नये. ‘मघाशी त्याने माझा रस्ता अडवला’ हे कारण त्याच डावातलं असेल तर मला मान्य आहे. मागच्या महिन्यातलं असेल तर नाही. तो घरचा आहे, तो रुसेल, तिने मला गाडीने आणलं ही कारणं पटावर आणूच नयेत.

दोन्ही चाली तुमच्यासाठी अगदी सारख्या असतील, तर गुणफलक झाकलेला आहे असं समजा आणि मग जी केली असती ती करा. तरीही ठरत नसेल तर तसं सगळ्यांना सांगा आणि फासा टाका: सम आला तर एक, विषम आला तर दुसरी.